जोडी क्रमांक त्र्याऐंशी

“भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?”

“पोटात व्हते.”

“कोणाच्या?”

“आईच्या की! आन कुनाच्या आसनार?”

मी पेन खाली ठेवलं. समोरच्या बाईंच्या मांडीला टेकून त्यांचा नातू बसला होता आणि तो चौथीत होता. भूकंप सदुसष्ट सालचा. आम्ही बसलो होतो नव्व्याण्णवच्या मार्च महिन्यात. म्हणजे बाई एकतीस वर्षांच्या आणि नातू दहाचा. माझा हिशेब काही बरा नव्हता, पण इतका वाईटही नव्हता.

“अहो मावशी, काल तर म्हणालात की भूकंपाला तुमचं लग्न ठरत होतं!”

“ते बहिनीचं.”

“तुम्हाला बहीण आहे?”

“न्हाय,” बाई म्हणाल्या आणि उठून शेरडाला चारा टाकायला गेल्या.

त्या काळी मी कऱ्हाडहून गावोगाव फिरून फॉर्म भरायचे. तोंडाचा कॅन्सर खेड्यातल्या बायकांना कशामुळे होतो, याची मोठी पाहणी चालू होती. काम ऐकायला सोपं. गावात एक रुग्ण बाई असेल तर त्याच गावातली, तिच्याच वयाची, पण धडधाकट अशी दुसरी बाई शोधायची. दोघींना तेच प्रश्न विचारायचे. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, किती वर्षं. मग ऑफिसातले लोक अशा शेकडो जोड्या एकमेकींशेजारी मांडून फरक बघायचे. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची, म्हणून आम्हाला आठवणींचा एक तक्ता दिलेला. धरणात पाणी अडलं ते साल, भूकंप, बहात्तरचा दुष्काळ. तेव्हा केवढ्या होता सांगा, की झालं वय.

जांभूळटेक गावात रुग्ण होत्या केराबाई. भूकंपाला सोळा वर्षांच्या, त्याच साली लग्न होऊन गावात आलेल्या. तर मला हवी होती भूकंपाला चौदा ते अठरा वर्षांची एक निरोगी बाई. चूक माझी झाली. पहिल्याच दिवशी मारुतीच्या देवळात मी सगळ्यांना मोकळेपणानं सांगून टाकलं, की केराबाईंच्या शेजारी, एकाच कागदावर, अजून एकीचं नाव लिहायचंय. दुखणाईताच्या शेजारी नाव लागलं की दुखणं सरकतं, असं गावानं रात्रीतून ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्या वयाची एकही बाई गावात उरली नव्हती. सगळ्या एक तर तिशीच्या नाहीतर सत्तरीच्या. सगुणाबाई नावाच्या एक होत्या, त्या म्हणाल्या, भूकंपात माझी तीन पोरं पाळण्यात होती. तिघंही एकदम? होय, एकदम. पाळणा मोठा होता.

सरपंच मात्र भला माणूस. मला चहा पाजून म्हणाला, “बाई, बाप्या चालंल का? भूकंपाला सोळा वर्साचं चार जन हायेत आमच्यात.”

“नाही हो, बाईच लागते.”

“मग शेजारच्या गावातली आनून देतो. ट्रॅक्टर धाडतो. आपल्या गावाचं नुकसान कशाला?”

मला हसूही येईना. महिनाअखेर पंधरा जोड्या पुऱ्या झाल्या तरच माझं पुढच्या वर्षाचं कंत्राट होणार होतं, आणि माझ्या चौदा झाल्या होत्या. आमचे डॉक्टर मोकाशी, म्हणजे पाहणीचे प्रमुख, ते कुणाची गय करणारे नव्हते. त्यांचं एकच वाक्य होतं, “समोरचा सांगेल तेच लिहायचं. आपलं डोकं फॉर्मच्या बाहेर ठेवायचं.”

शेवटी म्हटलं, निदान केराबाईंचा तरी फॉर्म उरकू. गेले त्यांच्या घरी.

केराबाई सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. डाव्या गालात आतून जखम होती. मिरजेच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं, महिन्याच्या आत ऑपरेशन करा, आता केलं तर बाई जगेल, जबड्यात उतरलं तर आमच्या हातात काही नाही. त्याला तीन आठवडे होऊन गेले होते. मुलगा दिनकर दारातच कोयत्याला धार लावत बसला होता.

“न्यायचं कधी मिरजेला?” मी विचारलं.

“न्हाय न्यायचं.”

“का?”

“वीस वर्सं बोंबलतोय, आये, मिसरी सोड. सोडली का? पाया पडलो, डबी हिरीत टाकली, दुसऱ्या दिशी दुसरी डबी. आता भोग म्हनावं.” त्याचा आवाज चिरकला. त्यानं पुन्हा कोयता दगडावर ओढला.

“अरे, आई आहे ना तुझी?”

“आन तुमीच तर कागद वाटला परवा! मिसरीनं कॅन्सर हुतो म्हनून. चित्र काढलंय वर. मग तिनंच केलं ना हे सोताचं? का कागद खोटा हाय?”

कागद मीच वाटला होता. आणि वर केराबाई पदराआडून मान हलवून म्हणाल्या, “खरं हाय त्याचं. माझंच करनं. कशाला न्यायचं कुठं.”

म्हणजे रुग्णाला मान्य, मुलाला मान्य, आणि पुराव्याला माझा कागद. एक बाई मरणार होती आणि तिच्या बाजूनं बोलायला त्या घरात कुणी नव्हतं. मला स्वतःचा असा राग आला, की वाटलं ते सगळे कागद चुलीत घालावेत.

तेवढ्यात शेजारच्या अंगणातून एक बाई भिंतीवरून पाय टाकून सरळ आत आल्या. हाताला कोपरापर्यंत पीठ.

“माझं नाव लिव्हा,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही कोण?”

“अनुसाबाई. भूकंपाला मी सोळा वर्साची. हिच्या आन माझ्या लगनात एका म्हयन्याचं अंतर. भूकंपात घरं फाटली तवा पंदरा दिस समद्या गावानं उगड्यावर काढलं. आमी दोगी नव्या नवऱ्या, एका घोंगडीत. विचारा तिला.”

केराबाईंनी पदर खाली घेतला. “अनुसे, जा घरी. वंगाळ नाव लावून घिऊ नगंस.”

“तू गप गं.”

माझा जीव भांड्यात पडला. पंधरावी जोडी! मी घाईघाईनं फॉर्म काढला, वर सगळ्या पाहणीतला आकडा टाकला, जोडी क्रमांक त्र्याऐंशी. तोवर बातमी फिरली होती आणि अंगणात निम्मं गाव जमलं होतं, जरा लांब उभं राहून.

“मिश्री लावता?”

“व्हय.”

मी मान वर केली. अनुसाबाईंचे दात बघितले. तांदळासारखे पांढरे.

“कधीपासून?”

“हिच्याबरुबर. एकाच तव्यावरची. बत्तीस वर्सं झाली.”

केराबाई काहीतरी बोलायला गेल्या, पण त्यांना ठसका लागला. दिनकरची धार थांबली.

“दिवसातून किती वेळा?”

“किती वेळा लिवल्यालं हाय हिच्यात?”

“त्यांच्या फॉर्ममध्ये चार.”

“मग माझी पाच लिव्हा.”

अंगणात कुणीतरी फिसकन हसलं. आता पुढचा प्रश्न आला, तो मी विचारायला नको होता, पण फॉर्मवर होता. मिश्री घरी कशी करता?

अनुसाबाईंनी क्षणभर विचार केला. “तवा ठिवायचा. तेल टाकायचं. मोहरी तडतडली की...”

“मोहरी?”

“थोडीशीच. मग तंबाखू परतायची. मीठ चवीपुरतं.”

सगुणाबाई, त्या मोठ्या पाळण्यावाल्या, तोंडात पदर कोंबून भिंतीशी वाकल्या. मिश्रीची तंबाखू कोरड्या तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात आणि चुरतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी मुकाट्यानं लिहिलं, ‘घरी भाजतात’. डोकं फॉर्मच्या बाहेर ठेवलं.

दिनकर उठून आला. “काकू, बत्तीस वर्सं लावतीस, मग दात पांडरं कसं?”

“घासते.”

“मिसरीनं घासत्यात दात, काकू. मिसरी लावून परत कशानं घासतीस?”

“तुझ्यागत आळशी हाय का मी? दोनदा घासते.”

दिनकर घरात गेला आणि आईची डबी घेऊन आला. झाकण काढून पुढं धरली. “लाव बघू.”

अनुसाबाईंनी पिठाचा हात लुगड्याला पुसला, चांगली दोन बोटं डबीत बुडवली आणि हिरड्यांवर घासायला लागल्या. पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं. मग उचकी लागली. कपाळावर घाम जमला. ओठ पांढरे पडले. तरी घासत होत्या.

“बास, बास की गं बाये,” केराबाई रडायला लागल्या.

“आज... उच्च... जरा कडक हाय,” अनुसाबाई म्हणाल्या. मग दिनकरकडे तोंड करून म्हणाल्या, “बघ. मी बी तेवडीच लावते. जास्तच. मला झालं का? न्हाय झालं. मग हिचा काय दोष रं? दोष मिसरीचा आसता तर मी आदी गेले आसते.”

दिनकरनं डबीला झाकण लावलं. त्याला काय पटलं आणि काय नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्याची बायको चुलीपाशी बसून डोळे पुसत होती. मला वाटतं, त्यालाही कुणीतरी हे म्हणायला हवं होतं. आईचा दोष असेल तर रागावून बसता येतं. दोष नसेल तर उठायला लागतं.

“मंजी नशिबाचंच म्हनायचं,” तो म्हणाला.

“नशिबाचंच,” अनुसाबाई म्हणाल्या आणि खांबाला धरून खाली बसल्या.

“नशिबाचं आसंल तर न्यायाच पायजे.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “बाई, मिरजेची गाडी किती वाजता हाय?”

मी निघाले तर अनुसाबाई मला पोचवायला म्हणून आल्या. शाळेच्या मागं पोचल्या मात्र, आणि भडाभडा ओकल्या. मी पाठ चोळली, बाटलीतलं पाणी दिलं.

“मावशी, का खोटं बोललात?”

“लिवलंस न्हवं?”

“लिहिलं.”

“झालं तर मग. आता ते खरंच.”

“खरं कसलं! तीन महिन्यांनी आमचे दुसरे साहेब येणार. दहातला एक फॉर्म परत तपासतात, आणि असला जास्त मिश्रीवाला हमखास तपासतात. तुमचे दात बघितले की माझी नोकरी गेली.” मी घाबरले होते आणि कंत्राट हातात आल्याच्या आनंदातही होते. त्याच भरात हसत हसत बोलून गेले, “तोवर दात तेवढे काळे करून ठेवा बाई, नाहीतर आपण दोघी अडकू.”

“बरं,” अनुसाबाई म्हणाल्या.

त्यांनी ते ‘बरं’ असं म्हटलं, जसं शेजारणीला वाटीभर साखर देताना म्हणतात. मी गाडीत बसले.

केराबाईंचं ऑपरेशन झालं. माझं कंत्राट झालं. जूनमध्ये आमचे जगदाळे साहेब जांभूळटेकला तपासणीला जाऊन आले आणि ऑफिसात म्हणाले, “काय बाई आहे ती त्र्याऐंशीची! भल्या सकाळी तव्यावर मिश्री भाजत बसली होती. दात काजळासारखे. तुमचा फॉर्म अगदी बरोबर.” त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला. माझ्या पैशानं.

सात वर्षांनी ऑफिसानं ठरवलं, सगळ्या जुन्या जोड्या परत बघायच्या. कोण आहे, कोण गेलं, गेलं ते कशानं गेलं. मी तेव्हा पर्मनंट झाले होते, हाताखाली चार मुली होत्या, पण जांभूळटेकला म्हटलं मीच जाते. जुन्या माणसांना भेटावं, एवढंच मनात होतं.

अनुसाबाई अंगणातच होत्या. मला बघून तोंडभर हसल्या. एकही दात पांढरा उरला नव्हता.

“मावशी, हे काय?”

“काय म्हंजी? तूच म्हनालीस न्हवं काळं करून ठिव म्हनून.”

“अहो, ते तीन महिन्यांपुरतं! साहेब येऊन गेले, संपलं की!”

“आन दिनकर? तो रोज भिताडावरनं बघायचा, काकू लावती का न्हाय. केरीला दर चार म्हयन्यानं तपासाया मिरजेला न्यायाचं आसायचं. मी सोडली आसती तर त्यो म्हनला आसता, काकू खोटं बोल्ली, म्हंजी आयचाच दोष. पाच वर्सं तिला नेत व्हता. पाच वर्सं लावली. मग मला मिसरीबिगर सकाळी डोळाच उगडंना.”

सात वर्षांत मी त्या वाक्याची एकदाही आठवण काढली नव्हती. त्यांनी ते रोज सकाळी पाळलं होतं.

“तोंड उघडा,” मी म्हटलं आणि बॅटरी काढली.

खालच्या हिरडीपाशी, उजवीकडे, रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. कडेनं जरा लाल. असे चट्टे मी पुष्कळ बघितले होते. काही नुसतेच राहतात, काही बिघडतात. ते डॉक्टरांनी तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही.

अनुसाबाईंचा मुलगा बजरंग गोठ्यातून आला. मी त्याला सगळं सांगितलं, मिरजेला आजच न्या, आता नेलं तर बहुतेक काही होणार नाही. तो तोंड वाकडं करून म्हणाला, “न्हाय न्यायचं. सोताच्या हातानं वडवून घेतलंय. आवो, बायका नव्या नवऱ्या आसताना लावाया शिकत्यात. ही पन्नाशीत शिकली! कुनी सांगितलं व्हतं हिला?”

मी तोंड उघडलं. मी सांगणारच होते, देवाशपथ सांगते, की मी सांगितलं होतं. पण अनुसाबाईंनी माझा हात असा दाबला की बांगडी वाढायची राहिली.

तेवढ्यात भिंतीवरून आवाज आला, “बाई, कागद हाय का कोरा?”

केराबाई. डावा गाल आत गेलेला, अर्धा जबडा नाही, पण आवाज ठणठणीत. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पदर खोचून भिंत ओलांडून आल्या आणि माझ्यापुढं मांडी घालून बसल्या.

“लिव्ह. तवा मी दुखनाईत आन ही जोडी व्हती. आता हिचं नाव वर, माझं शेजारी.”

“मावशी, तसं चालत नाही. ज्याला एकदा झालंय त्याला...”

“तू लिव्ह. भूकंपाला सोळा. हां, पुडं इचार. मिसरी इचार.”

बजरंग, त्याची बायको, गोठ्यातली म्हैस, सगळे माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

“मिश्री लावता?”

“कंदीच न्हाय.”

“काकू!” बजरंग ओरडला. “आगं, समद्या गावाला म्हाईत हाय! लहानपनी मीच तुला दुकानातनं तंबाखू आनून द्यायचो!”

“ती गुराला घालायची. किडं पडल्यालं.”

“दात बघा तिचं, बाई, दात!”

केराबाईंनी तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. “काडलं समदं मिरजेला. बघ कुठं काळं दिसतंय का.” मग त्यांनी तोंड मिटलं, बजरंगकडे वळल्या आणि सावकाश म्हणाल्या, “मी जल्मात मिसरीला हात लावला न्हाय. तरी मला झालंच की न्हाय? मग तिचा काय दोष रं?”

अनुसाबाई खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या ते मला दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते. पाहणीचं काय वाटोळं व्हायचं ते होऊ दे, असं मला नोकरीत पहिल्यांदा वाटलं. समोरचा सांगेल तेच लिहायचं. मी लिहिलं, ‘कधीच नाही’, आणि केराबाईंचा अंगठा घेतला.

बजरंगनं तो कागद माझ्या हातातून घेतला. दोनदा वाचला. आईकडे बघितलं, काकूकडे बघितलं.

“गाडी किती वाजता हाय?” त्यानं विचारलं.

“साडेअकराला,” केराबाई म्हणाल्या. “दिनकरला म्होरं धाडलाय. तो रस्त्यात आडवा हुबा ऱ्हाईल, पर आपल्याबिगर गाडी सुटू द्यायचा न्हाय.”